२४ तासांत खत देणारं यंत्र : पावणेदोन वर्षं वापरून

आधी किंमत सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते इथेच सुटतील. ओल्या कचऱ्याचं एका दिवसात खत करतं म्हणून विकलं जाणारं हे यंत्र ४ लाख ८० हजार, वर जीएसटी. आमच्या ४४ फ्लॅटच्या सोसायटीत घरटी साधारण १३ हजार पडले. वार्षिक देखभालीचा करार ३८ हजारांचा, तो पहिल्या वर्षानंतर सुरू. कंपनीचं नाव लिहीत नाही. असली यंत्रं विकणारे पुण्यात पुष्कळ आहेत आणि माझी तक्रार एका कंपनीची नसून या जातीच्या यंत्राची आहे.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत सोसायटीची सेक्रेटरी झाले. मोकळा माणूस दिसला की सोसायटी त्याला धरतेच. खाली जे आकडे येतील ते माझ्या वहीतले आहेत. यंत्राची वीज वेगळी मोजणारा सबमीटर मी स्वतः बसवून घेतला होता.

यंत्र घ्यावंसं का वाटलं, ते सांगायला हवं. आमची इमारत २००० नंतरची, त्यामुळे बिल्डरने नियमाप्रमाणे गांडूळखताचा खड्डा दिलेला आहे. आहे म्हणजे विटांचं चौकोनी बांधकाम आहे. त्यात गांडूळ मी तरी कधी पाहिलं नाही, एका काकांची जुनी सायकल मात्र बरीच वर्षं पाहिली. गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांतलं काही चालू असलं तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. ती आम्ही काही वर्षं घेतली. मग तपासणीला माणूस आला, त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात वार्षिक सभा होती.

दुसरं कारण शहराचं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उशाला जाऊन पडला. तिथल्या लोकांच्या विहिरींचं पाणी नासलं, तरी आपण इथे बादली दाराबाहेर ठेवून दार लावून घेत होतो. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या लोकांना प्रथमच कळलं की कचरा कुठेतरी जातो. आज शहरात रोज दोन हजार टनांच्या वर कचरा निघतो. ओला कचरा जागच्या जागी जिरवायचा हे धोरण कागदावर जुनं आहे. ते आपल्या पार्किंगमध्ये उतरवायची वेळ आल्यावर सगळ्यांना बटणाचा उपाय हवा असतो.

विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. खिशातून झिपची पिशवी काढली, त्यात चॉकलेटी भुकटी. "वास घ्या मॅडम, कॉफीसारखा येतो ना?" येत होता, खोटं कशाला बोलू. सभेत ती पिशवी हातोहात फिरली आणि चौथ्या रांगेपर्यंत पोचायच्या आत ठराव मंजूर झाला.

आता यंत्र. दिसायला मोठ्या डीप फ्रीझरसारखं, स्टेनलेस स्टीलचं. आत आडवा दांडा आणि त्यावर पाती. खालून हीटर, मागून धूर बाहेर टाकणारा पाइप. सकाळी ओला कचरा ओतायचा, थोडा लाकडाचा भुसा आणि कंपनीच्या पावडरची पुडी टाकायची, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी खालच्या दारातून भुकटी काढायची. क्षमता ५० किलो. आमचा ओला कचरा रोज २५ किलोच्या आसपास, म्हणजे ऐसपैस.

जे चांगलं ते आधी. उंदीर बंद झाले. पावसाळ्यात चिखल नाही, माश्या नाहीत. माणसाचा हात कचऱ्याला कमीत कमी लागतो. २५ किलो टाकलेलं दुसऱ्या दिवशी सहा-सात किलो होतं, हे मी ताणकाट्यावर तोललंय. पहिले दोन महिने मी पाहुण्यांना खाली नेऊन यंत्र दाखवत होते.

मग पहिलं बिल आलं. सबमीटरवर दिवसाला सरासरी १९ युनिट, महिन्याला ५७० च्या घरात, म्हणजे सात हजारांच्या आसपास रुपये. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तुमचा कचरा फार ओला आहे. ओला कचरा ओला आहे! संध्याकाळी वही घेऊन बसले. भाजीची देठं, फळांची सालं, उरलेला भात यांत सत्तर टक्के तरी पाणी असतं. २५ किलोत साडेसतरा किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट वीज लागते. कुठल्याही कंपनीने काहीही केलं तरी यात घासाघीस होत नाही. साडेसतरा गुणिले ०.६३ म्हणजे नुसत्या वाफेला ११ युनिट. पाणी तापवायला, मोटर फिरवायला, पत्र्यातून उष्णता जाते त्याला उरलेली आठ. हिशोब चोख जुळला आणि मला दरदरून घाम फुटला. कारण याचा अर्थ असा की यंत्र खत करतच नव्हतं. ते कचरा वाळवत होतं. २५ चे सहा किलो झाले ते पाणी उडून गेल्यामुळे. उन्हात घातलेल्या सांडग्यांचंही तेच होतं, फक्त तिथे मीटर फिरत नाही.

खत व्हायला जिवाणू लागतात आणि जिवाणूंना वेळ लागतो. नीट लावलेल्या ढिगातसुद्धा दीड-दोन महिने जातात. चोवीस तासांत, तेही पाणी आटवून, कोण काय कुजवणार? पुडीतल्या जिवाणूंना आम्ही रोज भाजून काढत होतो.

तरी म्हटलं, आकड्यांवरून निकाल नको, करून बघू. दोन प्रयोग केले, दोन्ही तुम्ही घरी करू शकता. पहिला : मूठभर भुकटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पाण्याने ओलसर केली, तोंड बांधून तीन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. तयार खत असेल तर पिशवी उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीचा वास यायला हवा. मी उघडली. आमचे हे हॉलमधून उठून आले आणि विचारलं, "काय आंबलंय?" वर पांढरी बुरशी धरली होती. पाणी परत मिळताच कचरा जिथे थांबला होता तिथून पुढे सडायला लागला.

दुसरा प्रयोग मेथीचा. तीन वाट्या, प्रत्येकी २० दाणे. एका वाटीत कुंडीतली नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मी भुकटी, तिसरीत निम्मी माती आणि निम्मं एका मैत्रिणीच्या गच्चीवरचं पालापाचोळ्याचं खत. सहाव्या दिवशी मातीत १८ उगवले होते, मैत्रिणीच्या खतात १७, आणि भुकटीत ३. त्या तिघांचीही टोकं करपलेली. यात मिठाचाही हात असणार. उरलेल्या आमटी-भाजीतलं पाणी उडून जातं, मीठ कुठे जाईल? तोपर्यंत मी हीच भुकटी गेटजवळच्या जास्वंदींना घातली होती. तीन जास्वंदी गेल्या. त्यांचा दोष माझा आहे, प्रयोग आधी करायला हवा होता.

बिघाडांचं थोडक्यात सांगते. आंब्याच्या कोया पात्यांत अडकतात. करवंट्या चालत नाहीत हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे, पण ४४ घरांत पुस्तिका कोण वाचतं? एकदा आमटी वाढायचा डाव निघाला, सात नंबरवाल्यांचा. सगळ्यांत वाईट गौरी-गणपतीत झालं. केळीच्या खुंटांचे धागे दांड्याला असे गुंडाळले गेले की मोटर जळाली. तंत्रज्ञ अकराव्या दिवशी आला. त्या अकरा दिवसांत आमचा कचरा कोणी सांभाळला, तिथून या परीक्षणाचा दुसरा भाग सुरू होतो. खरं तर हाच पहिला असायला हवा होता.

आमच्याकडे दारावर कचरा घ्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते : ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे ही संस्था आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदारचं काम तिच्याकडे आलं. साडेतीन हजारांवर सभासद, बहुतेक बायका. घरटी महिन्याचे पैसे आपण त्यांना थेट देतो. आमच्याकडे ते शंभरच्या आत आहेत आणि तरी देताना "या महिन्यात दोन दिवस आल्या नव्हत्या" म्हणणारी मंडळी आहेत. त्याच मंडळींनी यंत्राला १३ हजार हूं की चूं न करता दिले. सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं त्याचे पैसे ताईंचे. म्हणून वेगळं करण्यात त्यांना रस असतो, आणि म्हणून ते खरंच वेगळं होतं.

ताईंच्या सासूबाई ७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आल्या आणि कचराकुंड्यांवर कागद वेचायला लागल्या. ताई लग्न होऊन आल्या त्या त्याच कामात. "तेव्हा कुत्री मागं लागायची काकू, आता वॉचमन दार उघडतो," एवढंच त्या यावर बोलल्या आहेत.

यंत्र बंद पडलं त्या दिवसांत मी रोज सकाळी खाली बसत होते, त्यामुळे त्यांचं काम प्रथमच सलग पाहिलं. मागच्या भिंतीजवळच्या शेडमध्ये त्या सुक्या कचऱ्याची बादली उलटी करतात आणि बसतात. पुठ्ठा एकीकडे, वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वहीचा पांढरा कागद आणखी वेगळा, कारण त्याचा भाव वेगळा. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, काच. प्लॅस्टिकचं डबडं हातात आलं की अंगठ्याने दाबतात, कानाजवळ नेतात. कडकड वाजलं तर एका पोत्यात, मऊ दबलं तर दुसऱ्या. मी प्रयोगशाळेत हेच ओळखायला मुलांना दोन तास देत होते. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र त्या बघतही नाहीत, थेट महापालिकेच्या गाडीच्या पोत्यात. त्यांना कोणी घेत नाही. एका सकाळी मी मोजली, ४४ घरांतून ६३ पाकिटं. दोन आमच्या घरची होती.

आणि मग एक पिशवी उघडताना त्यांचा हात थांबला. सुक्या कचऱ्यात, पिझ्झाच्या खोक्याच्या आत, वापरलेलं डायपर. त्या काही बोलल्या नाहीत. हात पुसला, ते वेगळं ठेवलं, पुढचं डबडं उचललं. लाल ठिपक्याची मोहीम पुण्यात २०१७ मध्ये झाली. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणारीला उघडून बघावं लागणार नाही. एवढंच मागणं होतं. आमच्या लिफ्टमध्ये ते पत्रक अजून चिकटलेलं आहे, मीच चिकटवलंय. त्या दिवशी मी चार मजले चढून त्या घरी गेले आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता तिथून ठिपका येतो. जरा मोठाच येतो, रागाने काढल्यासारखा.

यंत्राला पर्याय ताईंनीच सुचवला. त्यांच्या ओळखीतली एक सभासद शेजारच्या सोसायटीत खताचं काम बघते, तुम्ही जाऊन बघा म्हणाल्या. गेले. तारेच्या जाळीचे पिंजरे, आतून शेडनेट, कचऱ्याचा एक थर, वाळक्या पानांचा दुप्पट जाड थर, असं वरपर्यंत. वीज शून्य. मी हात घातला तर आत चटका बसेल इतकं गरम. ही ऊब जिवाणूंची, फुकटची.

आम्ही चार पिंजरे केले, प्रत्येकी चार फूट लांब-रुंद-उंच. फार लहान केले तर ऊब धरत नाहीत. खर्च २६ हजार. ताईंच्या ओळखीतल्या त्या बाई रोज तासभर येतात, त्यांना आम्ही वेगळे पैसे देतो. एक पिंजरा भरायला तीनेक आठवडे लागतात. चौथा भरत येईपर्यंत पहिल्यातलं खत चाळायला तयार होतं. सळईने भोक पाडून माझा जुना थर्मामीटर आत सोडला, चौथ्या दिवशी ५८ अंश. हा आकडा मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. तिघांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं की पाणी कधी येणार.

सगळं गोड झालं असं मुळीच नाही. पहिल्याच जुलैत आमच्याकडची वाळकी पानं भिजली. पानं कोरडी नसतील तर सगळा डोलारा कोसळतो. ढिगातून चॉकलेटी पाणी गळायला लागलं, वास दुसऱ्या मजल्यापर्यंत, आणि अळ्या. गुबगुबीत, करड्या, शेकड्यांनी. त्या अळ्या कचरा खाऊन संपवतात, अपाय करत नाहीत, हे मी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना समजावायला गेले. त्यांनी दार अर्धवटच उघडलं होतं. शेवटी वर पत्रा घातला, भुसा आणून ओतला, रोज ढीग हलवला. दहा दिवसांनी वास गेला. वहिनी अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

त्यावरून शिकलो ते हे की पानं फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच भरून ठेवायची, वर्षाचं तिखट-मीठ भरतात तशी. पुण्यात त्या दिवसांत पिंपळ, कडुनिंब, रस्त्याकडेची ती मोठी शिरिषासारखी झाडं नुसती झडत असतात आणि सकाळी झाडणारे कोपऱ्यात ढीग करून पेटवून देतात. 'ब्राऊन लीफ' म्हणून पुण्यातल्या नागरिकांचा एक गट आहे. ज्यांच्याकडे पानं जास्त त्यांची आणि ज्यांना हवीत त्यांची गाठ घालून देतो. आम्हाला एका बंगल्यातून ४० पोती मिळाली. बंगल्यातल्या आजोबांनी आमचेच आभार मानले आणि वर कोकम सरबत दिलं.

खताचा निकाल : तीच पिशवीची चाचणी, तीन दिवस, मातीचा वास. मेथी २० पैकी १७. नव्या जास्वंदी लावल्या आहेत, एकीला कळ्या आल्या. लोक आता डबे घेऊन खत मागायला येतात. ज्यांना फुकट मिळतं त्यांनाही ते चाळून हवं असतं.

तर यंत्राला पाचातले दीड तारे. एक पावसाळ्यातल्या कोरडेपणासाठी, अर्धा त्या विक्रेत्या मुलाच्या हजरजबाबीपणासाठी. ज्यांच्याकडे पिंजऱ्याएवढीही जागा नाही, उदाहरणार्थ एखादं हॉटेल, त्यांनी वाळवणी म्हणून घ्यायला हरकत नाही. पण बाहेर पडेल ते पुढे महिनाभर तरी कुजवावं लागेल, हे धरून चाला. घेण्याआधी विक्रेत्याकडून ती झिपची पिशवी मागून घ्या, घरी नेऊन पाणी घाला आणि तीन दिवस थांबा. तो पिशवी द्यायला कां-कूं करायला लागला तर तीन दिवस थांबायचीही गरज नाही. दारावर येणाऱ्या सेवेला मी तारे देत नाही. जे काम नुसतं बसून पाहतानाही माझी कंबर धरली, त्याला कसले तारे देऊ?

यंत्र अजून पार्किंगमध्ये उभं आहे. कंपनीला परत घेता का विचारलं, त्यांनी ४० हजार सांगितले. कमिटीत दोन तट पडले आहेत. परवा ताईंना सहज म्हटलं, तुम्ही सांगा याचं काय येईल. त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं, कमरेच्या पिशवीतून चुंबक काढलं आणि झाकणाला, बाजूला, खालच्या दाराला लावून पाहिलं. कुठेच चिकटलं नाही. मग मागे जाऊन मोटरीखाली हात घातला, वजनाचा अंदाज घेतला.

"पत्रा असली आहे काकू," त्या म्हणाल्या. "मोटरीत तांबं पण निघंल. चाळीसला देऊ नका, मी विचारून सांगते."